आवाज नेमका कुठे बिघडतो : प्रस्तावना

घरच्या संगणकावरून बोलणाऱ्या माणसाला आपला आवाज पलीकडे कसा पोचतोय याचा पत्ता नसतो. बाकीच्या बिघाडांची खबर मालकाला सगळ्यांत आधी लागते. स्क्रीन काळी पडली, की-बोर्डचं बटण रुतलं, इंटरनेट गेलं, की पहिला खोळंबा त्याचाच. माईक बिघडला तर त्रास समोरच्याला, आणि समोरचा बहुधा भिडस्त असतो. ‘माझा आवाज येतोय ना?’ या प्रश्नाला तो ‘हो हो, येतोय’ म्हणून मोकळा होतो. त्याचं उत्तर खोटंही नसतं. आवाज येतच असतो. फक्त तो घुमतो, मधेच गिळला जातो, मागे पंखा घरघरतो आणि अर्ध्या तासात ऐकणाऱ्याचं डोकं दुखायला लागतं. एवढं सगळं तोंडावर कोण सांगणार? मार्च २०२० नंतर शाळा, ऑफिसच्या बैठका, नोकरीच्या मुलाखती, न्यायालयातल्या सुनावण्या, लग्नाची बोलणी, सगळंच संगणकावर आलं आणि या भिडेपोटी कितीतरी चांगली बोलणारी माणसं कंटाळवाणी ठरली. टाळेबंदी उठली, पण ती सवय उठली नाही.

कधीतरी एखादं स्पष्टवक्तं माणूस भेटतं आणि तक्रार कानावर येते. मग आपण काय करतो? नवा माईक मागवतो. बहुतेक वेळा ते आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असतं. नवा माईक येतो, आवाज होता तसाच राहतो आणि ‘आपला आवाजच असा आहे’ अशी समजूत करून घेऊन माणूस गप्प बसतो. ही पुस्तिका त्या खरेदीच्या आधी वाचायची आहे.

माईकच्या आत जो प्रत्यक्ष ऐकणारा भाग असतो तो आज फार स्वस्त झाला आहे आणि स्वस्त असूनही चांगला आहे, ही गोष्ट आधी पटायला हवी. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी टेफ्लॉनच्या पातळ पापुद्र्यात विद्युतभार कायमचा मुरवून ठेवण्याची युक्ती साधली. त्याआधीचा चांगला कंडेन्सर माईक म्हणजे स्वतंत्र वीजपुरवठ्यासकट येणारं, जपून हाताळायचं महागडं यंत्र. भार पापुद्र्यातच मुरल्यावर तो सरंजाम संपला. या इलेक्ट्रेट माईकला आतल्या छोट्या ट्रान्झिस्टरपुरती दोन-तीन व्होल्ट वीज पुरते. कॅसेट रेकॉर्डरमध्ये, टेलिफोनमध्ये, श्रवणयंत्रात तोच बसला आणि आजही वायरच्या साध्या हेडसेटमध्ये बहुधा तोच असतो. लॅपटॉप आणि मोबाईलमध्ये त्याची जागा सिलिकॉनवर कोरलेल्या, जेमतेम मिलिमीटरभर पडद्याच्या ‘मेम्स’ माईकने घेतली आहे. माणसाचं बोलणं समजेल इतपत टिपायला हे दोन्ही प्रकार पुरेसे आहेत. तरी आवाज वाईट येत असेल, तर दोष वाटेत कुठेतरी शिरलाय.

ती वाट लांब आहे. तोंडातून निघालेला आवाज हवेतून माईकपर्यंत जातो. जाताना खोलीच्या भिंतींवर आपटून आलेली स्वतःचीच नक्कल बरोबर घेतो. माईकपासून वायर, वायरीपासून जॅक, तिथून साउंड कार्ड. मग ड्रायव्हर, विंडोजची सेटिंग, मीटिंगच्या ॲपची स्वतःची सेटिंग, इंटरनेट, आणि शेवटी पलीकडचा स्पीकर. यातल्या कुठल्याही मुक्कामावर आवाज बिघडू शकतो. बिघाड कसा ऐकू येतो यावरून तो कुठे झाला असेल याचा बराच अंदाज बांधता येतो, आणि या पुस्तिकेची सगळी मांडणी त्यावर उभी आहे. ‘आवाज नीट येत नाही’ या तक्रारीवरून काही करता येत नाही. आवाज घुमतो, खरखरतो, गुणगुणतो, फाटतो, तुटतो, बोदा येतो, की फक्त लहान येतो? घुमत असेल तर खोलीकडे पाहायचं. एकसुरी गुणगुण असेल तर विजेकडे. मोठ्याने बोलल्यावरच फाटत असेल तर लेव्हलकडे. शब्दांचे तुकडे पडत असतील तर इंटरनेटकडे किंवा ड्रायव्हरकडे. जुन्या लँडलाइनवरून बोलल्यासारखा येत असेल, तर जवळजवळ डोळे मिटून ब्लूटूथकडे.

हे ओळखायचं साधन म्हणजे स्वतःचं रेकॉर्डिंग. विंडोजमध्ये त्यासाठी लहानसं ॲप असतंच. ज्याला आवाजाचा आलेख डोळ्यांनी पाहायचा असेल त्याने ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्यावं. रेकॉर्डिंग वायरच्या हेडफोनवर ऐकायचं. लॅपटॉपच्या स्पीकरवर नाही, कारण तो स्पीकर खालचे सूर गाळतो आणि गुणगुण असली तरी ऐकवत नाही. पहिले दहा सेकंद काहीच बोलायचं नाही. ही शांतता तपासातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट आहे. बोलणं सुरू झालं की कान शब्दांच्या मागे लागतो. शांततेत पंखा, फ्रिज, ट्यूबलाइटचा जुना चोक, खालच्या रस्त्यावरची रिक्षा, सगळं आपापल्या जागी ऐकू येतं. आणि संगणकावरच केलेलं हे रेकॉर्डिंग स्वच्छ निघालं, पण मीटिंगमध्ये आवाज खराब जातोय असं लोक म्हणाले, तर माईक, वायर आणि खोली एका फटक्यात निर्दोष सुटतात. राहिले ॲप आणि इंटरनेट.

शांततेनंतर काय बोलायचं? ‘हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री’ हे मंडपात ठीक आहे. त्यातून मराठी आवाजाची परीक्षा होत नाही. मराठीत महाप्राण अक्षरं भरपूर आहेत आणि ख, थ, फ, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो. माईक अगदी ओठांसमोर असेल तर हा झोत पडद्यावर आदळतो आणि ‘भ’चा ‘भप्’ होतो. उलट टोकाला स, श, च, ज. यांचं घर्षण बरंचसं चार हजार हर्ट्झच्या वर असतं. जुन्या टेलिफोनची वाट ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच रुंद होती, म्हणून फोनवर आडनाव सांगताना ‘स, सशातला स’ असं सांगावं लागे. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च यांतला फरकही याच उंच भागात राहतो आणि आवाज दाबला की आधी तोच पुसला जातो. म्हणून या पुस्तिकेत सगळीकडे एक मुद्दाम रचलेलं वाक्य वापरलं आहे : ‘भिंतीपाशी फणस फोडताना पाखरं भुर्रकन उडाली, शशीने सशाला चिमूटभर साखर चारली.’ अर्थाकडे पाहू नये. पहिला अर्धा भाग झोत तपासतो, दुसरा घर्षण. पहिल्या भागात धपधप ऐकू आली तर माईक ओठांसमोरून काढून गालाच्या बाजूला, तोंडाच्या कोपऱ्याजवळ आणायचा. दुसऱ्या भागातले स आणि श एकसारखेच ऐकू आले तर वरचा भाग कुठेतरी कापला जातोय.

मराठीत बोलून टाइप करणाऱ्यांनी तर ही परीक्षा घ्यावीच. गूगलने २०१७ साली मराठीसाठी आवाजी टायपिंग आणलं. तेव्हापासून ‘त्याला मराठी येत नाही’ ही तक्रार मी ऐकतो आहे. पुष्कळदा त्याला मराठी येत असतं, आपलं मराठी त्याच्यापर्यंत जात नसतं.

आता एक प्रश्न, जो विचारायची अनेकांना लाज वाटते आणि जो सगळ्यांत आधी विचारायला हवा : संगणक नक्की कुठल्या माईकने ऐकतोय? एका साध्या घरगुती टेबलावरही आज तीन-चार माईक असू शकतात. लॅपटॉपचा, वेबकॅमचा, हेडसेटचा, कधी ब्लूटूथ इअरबडचा. विंडोजमध्ये एक निवडलेला असतो आणि मीटिंगच्या ॲपमध्ये भलताच. माणूस महागडा माईक तोंडासमोर धरून बोलतो आणि ऐकत असतो हातभर लांबचा वेबकॅम. यावर नखाची परीक्षा आहे. रेकॉर्डिंग चालू करून माईकच्या जाळीवर हलकेच नख घासायचं. कर्रकर्र मोठ्याने ऐकू आली तर तोच माईक चालू आहे. लांबून कुठून तरी आल्यासारखी वाटली तर दुसरा. लॅपटॉपमधला माईक म्हणजे वेबकॅमच्या आजूबाजूला किंवा की-बोर्डच्या कडेला असलेली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. वेबकॅमवर चिकटवलेलं सरकतं झाकण, हौसेचं स्टिकर किंवा साठलेली धूळ यांनी ती बुजतात आणि आवाज उशीखालून आल्यासारखा होतो. उभ्या कंडेन्सर माईकचा घोटाळा वेगळा. त्यातले बरेचसे बाजूने ऐकणारे असतात आणि लोक त्यांच्या टोकात बोलतात, कारण टीव्हीवर गायक तसं करताना दिसतात. माईकच्या अंगावर हृदयाच्या आकाराची खूण असेल तर ती बाजू आपल्याकडे हवी.

माईक ठरला की अंतर. माझ्या मते घरगुती तक्रारींपैकी मोठा हिस्सा इथेच मिटतो, आणि एक रुपया न खर्चता. अंतर निम्मं केलं की थेट पोचणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. लॅपटॉपपासून आपण सहज ६० सेंटिमीटर लांब बसलेलो असतो. माईक १५ सेंटिमीटरवर आणला तर दोनदा निम्मं झालं, म्हणजे बारा डेसिबल. गंमत अशी, की खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र होती तेवढीच राहते, कारण ती सगळीकडे सारखीच भरलेली असते. म्हणजे आपला आवाज आणि बाकीचा गलका यांतलं अंतर बारा डेसिबलने रुंदावलं. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर इतक्या स्वच्छपणे करू शकत नाही. वायरचा साधा हेडसेट लांबच्या महागड्या माईकला हरवतो, तो एवढ्याच जोरावर.

खोलीचं प्रकरण मात्र सविस्तर लिहिलं आहे, कारण आपली घरं आवाजाच्या दृष्टीने अवघड आहेत. फरशी टाइलची, भिंती प्लास्टरच्या, खिडकीला काच, वर सपाट स्लॅब. या विषयाचं शास्त्र ज्याने घडवलं त्याची हकिकत सांगण्याजोगी आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने नवं कलासंग्रहालय बांधलं. त्यातल्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साधारण साडेपाच सेकंद रेंगाळे. एक शब्द विरायच्या आत पुढचे दहा-बारा त्यावर चढत आणि विद्यार्थ्यांना काहीच कळत नसे. दुरुस्तीचं काम वॉलेस सेबिन या २७ वर्षांच्या भौतिकीच्या प्राध्यापकाकडे आलं. त्याच्याकडे एक ऑर्गनची नळी, वेळ मोजायचं घड्याळ आणि स्वतःचे कान होते. शहर निजल्यावर तो जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या उचलून आणी, व्याख्यानगृहात मांडून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवी. गाद्या वाढत गेल्या तसा घुमारा घटत गेला, आणि किती गाद्यांनी किती घटतो याचा त्याने नियम बसवला.

तो नियम आपल्या दहा बाय दहाच्या खोलीला लावून पाहू. उंची दहा फूट धरली तर खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा आहे आणि सहा बाजूंचं क्षेत्रफळ सुमारे ५६ चौरस मीटर. रिकाम्या, टणक खोलीच्या भिंती आवाजाचा फार तर पाच टक्के भाग शोषतात असं धरलं, तर घुमारा विरायला साधारण १.६ सेकंद लागतात. बोलण्याच्या रेकॉर्डिंगसाठी तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा. आता त्याच खोलीत कापसाची गादी, भिंतभर जाड पडदा आणि कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट आलं आणि त्यांनी मिळून पाच चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज शोषला, तर हाच आकडा ०.६ सेकंदाच्या खाली येतो. सेबिनला गाद्या उसन्या आणाव्या लागल्या, आपल्या घरात त्या असतात. बैठकीच्या खोलीपेक्षा झोपायच्या खोलीत आवाज चांगला येतो त्याचं कारण एवढंच. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटवणाऱ्यांना मात्र माझी हात जोडून विनंती आहे की तो उद्योग करू नये. त्यांनी बोलण्याचा घुमारा फारसा कमी होत नाही, खोलीचा कोंबडीखाना मात्र होतो. आणि बोलताना तोंड कुठे, पाठ कुठे, हेही पाहावं : आपला आवाज ज्या भिंतीवर जाऊन आपटतो तिथे मऊ काहीतरी हवं, म्हणजे उघड्या कपाटाकडे तोंड करून बसणं चांगलं.

विजेची गुणगुण हा आपल्याकडचा खास विषय. आपल्या घरातल्या विजेचा कंप ५० हर्ट्झचा. तो किंवा त्याच्या दुप्पट-तिप्पट पटीतला सूर माईकच्या वाटेत शिरला की शांततेतही ‘हंऽऽ’ असा एकसुरी आवाज राहतो. लॅपटॉप असेल तर तपास सोपा. चार्जर काढायचा आणि बॅटरीवर रेकॉर्डिंग करायचं. गुणगुण गेली, तर चोर चार्जरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे. कित्येक घरांत भिंतीवरचा सॉकेट तीन छिद्रांचा दिसतो, पण अर्थिंगची तार त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसते. हे काम इलेक्ट्रिशियनचं आहे आणि ते करून घ्यावं. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची जाड पिन तोडून टाकण्याचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नये. ती पिन जीव वाचवायला आहे.

पंख्याचे दोष दोन आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक वाऱ्याचा : झोत माईकवर लागून होणारी भडभड. ती माईकला फोमची टोपी घालून किंवा माईक झोताबाहेर सरकवून कमी होते. दुसरा रेग्युलेटरचा. गोल फिरवायच्या काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये वीज प्रत्येक फेऱ्यात चिरून सोडली जाते आणि त्या चिरण्याची चुरचुर वायरीत शिरते. पंखा पूर्ण वेगावर केल्याने चुरचुर थांबली तर रेग्युलेटर दोषी. वारा वाढला आणि खरखर थांबली, हे कुणाला खरं वाटत नाही, करून पाहावं. इन्व्हर्टरचंही तसंच. काही स्वस्त इन्व्हर्टर विजेची गोलाईदार लहर न देता चौकोनी लहर देतात आणि चौकोनी लहरीत १५०, २५० हर्ट्झ असे वरचे सूर भरलेले असतात. लाइट गेल्यावरच माईक करकरायला लागला, तर माईकला दोष देऊ नये.

जॅकविषयी थोडक्यात. डेस्कटॉपच्या मागच्या गुलाबी भोकात माईक, हिरव्यात हेडफोन, निळ्यात लाइन-इन. लाइन-इनमध्ये घातलेला माईक कुजबुजल्यासारखा ऐकू येतो, कारण तिथे मोठ्या सिग्नलची अपेक्षा असते. मोबाईलच्या इअरफोनच्या पिनेवर तीन काळे पट्टे असतात, म्हणजे चार भाग. त्यातला एक माईकचा. ती पिन डेस्कटॉपच्या हिरव्या भोकात घातली तर ऐकू येईल, पण माईक चालणार नाही. त्यासाठी दोन शेपट्यांची वायर मिळते, तीच घ्यावी. कॅबिनेटच्या पुढच्या भोकापासून मदरबोर्डपर्यंत जाणारी वायर आतल्या पंख्यांच्या आणि कार्डांच्या शेजारून जाते. माउस हलवला की कानात किरकिर होत असेल तर पिन मागे लावून पाहावी. तरीही किरकिर राहिली तर यूएसबी माईक किंवा लहानसा यूएसबी साउंड अडॅप्टर घ्यावा. त्यात आवाजाचे आकडे कॅबिनेटच्या बाहेरच बनतात आणि आतल्या गोंधळाशी संबंध राहत नाही.

लेव्हलबद्दल गैरसमज असा, की आवाज लहान असेल तर कळ वाढवावी. विंडोजमध्ये काही साउंड कार्डांना माईक बूस्ट नावाची कळ असते, दहा, वीस, तीस डेसिबलची. तीस डेसिबल म्हणजे सिग्नल तीसपटीहून मोठा, आणि त्याच्याबरोबर शांततेतली खरखरही तितकीच मोठी. म्हणून आधी अंतर, मग लेव्हल, आणि बूस्ट अगदी शेवटी. दुसऱ्या बाजूला वरची मर्यादा पक्की आहे : डिजिटल आवाजात शून्य डेसिबलच्या वर काही नसतं. तिथे लहरीची शिखरं सपाट कापली जातात, आवाज फाटतो, आणि फाटलेलं नंतर नीट शिवता येत नाही. मोठ्यात मोठ्या आवाजात बोलताना काटा उणे बारा ते उणे सहा यांच्या दरम्यान राहील असं ठेवावं. हसताना माणूस बोलण्यापेक्षा खूप जोरात असतो, तेव्हा लेव्हल ठरवताना एकदा मनमोकळं हसून घ्यावं.

ब्लूटूथबद्दल सर्वांत जास्त पत्रं येतात आणि सर्वांत कमी समाधान देता येतं, कारण इथे बिघाड नसतोच. गाणी ऐकताना ब्लूटूथ एकाच दिशेने आवाज पाठवतं आणि तो चांगला असतो. त्याच हेडसेटचा माईक चालू झाला की दोन्ही दिशांनी आवाज न्यायचा म्हणून ते फोनसाठी बनवलेल्या दुसऱ्या पद्धतीवर जातं. तिच्या जुन्या रूपात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, नंतरच्यात १६,०००. सीडीवर ते ४४,१०० असतात. नमुन्यांच्या निम्म्याहून वरचे सूर टिकत नाहीत, म्हणून जुन्या पद्धतीत चार हजार हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं, आणि मराठीचे स, श, च त्याच्याबरोबर गेले. मीटिंग सुरू होताच गाण्याचाही आवाज पत्र्यासारखा होतो तो याच क्षणी. महागड्या इअरबडलाही यातून सुटका नाही. उपाय साधा, पण लोकांना तो कमीपणाचा वाटतो : ऐकायला ब्लूटूथ ठेवावं आणि माईक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडावा. एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत ही अडचण कमी करते, पण त्यासाठी संगणक आणि हेडसेट दोन्ही त्या पद्धतीचे हवेत.

आता ज्या प्रकरणाने मला सर्वांत जास्त लिहायला लावलं ते. आवाज ‘सुधारणारी’ सॉफ्टवेअर. ती मीटिंगच्या ॲपमध्ये असतात, विंडोजमध्ये असतात, साउंड कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये असतात, कधी हेडसेटमध्येही असतात. आणि एकमेकांचा पत्ता नसताना एकाच आवाजावर ओळीने हात चालवतात. पहिल्याने खरखर काढली, दुसऱ्याने उरलेल्या आवाजात खरखर शोधून तीही काढली, तिसऱ्याने लहान झालेला आवाज वर ओढला. शेवटी पाण्याखालून बोलल्यासारखा, शब्दांची शेपटं तुटलेला आवाज निघतो. नियम एकच : सुधारणारा एकच ठेवावा, बाकीचे बंद करावेत.

या सॉफ्टवेअरचा मूळ हिशेब समजला की पुढचं सोपं जातं. बोलणं क्षणोक्षणी बदलतं. पंखा, एसी, फ्रिज बदलत नाहीत. म्हणून जे न बदलता चालू आहे ते गोंगाट, असं ते धरून चालतं. टाळेबंदीत आपल्याकडचे गायनगुरू पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेतल्या शिष्यांना शिकवायला लागले तेव्हा हा हिशेब अंगलट आला. तानपुरा म्हणजे न बदलता चालू राहणारा सूर. सॉफ्टवेअरने त्याला पंखा समजून पुसून टाकला. लांबवलेला षड्ज दोन-तीन सेकंदांनी विरायला लागला, पेटीचा धरलेला सूर बुडाला, डग्ग्याचा घुमारा गेला. गुरूंना वाटलं शिष्याचा दम कमी पडतोय. झूममध्ये यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ अशी सोय आहे, इतर काही ॲपमध्येही संगीतासाठी वेगळी सेटिंग असते. गाणं शिकवणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने, दोघांनीही ती चालू करायला हवी. मात्र ती चालू केली की प्रतिध्वनी रोखणारी यंत्रणाही ढिली पडू शकते, म्हणून हेडफोन लावणं सक्तीचं. दूर बसून एकत्र ठेका धरणं तरीही जमणार नाही. इंटरनेटवरून आवाज पोचायला लागणारा वेळ कुठल्याही सेटिंगने शून्य होत नाही.

प्रतिध्वनीचं गणित उलटं असतं, तेही इथेच सांगून टाकतो. आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येत असेल तर दोष आपल्याकडे नसतो. पलीकडच्याच्या स्पीकरमधून निघालेला आपला आवाज त्याच्याच माईकमध्ये शिरून परत येत असतो. हेडफोन त्याने लावायचा आहे. चांगल्या मीटिंगमध्ये ज्याला प्रतिध्वनी ऐकू येत नाही तोच बहुधा त्याचा मालक असतो.

ड्रायव्हर, नमुन्यांचा दर न जुळल्याने होणारी कडकड, प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये बंद राहिलेली परवानगी, यूएसबी हबवर एकाच वेळी चार उपकरणं लावल्याने तुटणारा आवाज, हे सगळं शेवटच्या प्रकरणात आहे. ते मुद्दाम शेवटी ठेवलं. ड्रायव्हर काढून परत घालणं हा आपल्याकडे पहिला सल्ला असतो, आणि घुमणाऱ्या खोलीवर त्याचा काडीइतका परिणाम होत नाही. सेटिंगच्या जागा आणि नावं दर अपडेटला बदलतात, म्हणून ‘इथे टिचकी, मग तिथे टिचकी’ अशा पायऱ्या फारशा दिल्या नाहीत. काय शोधायचं ते दिलं आहे. उदाहरणं विंडोजची अधिक आहेत, पण खोली, अंतर, वीज आणि ब्लूटूथ यांना मॅक आणि लिनक्सही सारखेच.

स्टुडिओ उभारणाऱ्यांसाठी ही पुस्तिका नाही. ४८ व्होल्टची फँटम पॉवर, मिक्सर, मोठे माईक यांचा उल्लेख आला तरी ओझरता आहे. ही पुस्तिका शिकवणाऱ्या गुरुजींसाठी आहे, परदेशातल्या नातवंडांशी बोलणाऱ्या आजी-आजोबांसाठी, दृष्टिहीनांसाठी घरी बसून पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी, नोकरीची मुलाखत देणाऱ्या मुलांसाठी. सगळी प्रकरणं पार करूनही खरखर राहिली, आणि तोच माईक दुसऱ्या संगणकाला लावल्यावरही राहिली, तर मात्र माईक बदलावा. तेव्हाही वायरचा यूएसबी हेडसेट घ्यावा असंच मी सांगेन. जेवढ्या किमतीत उभा माईक, त्याचा स्टँड आणि टोपी येते, त्याहून कमी पैशात अंतराचा प्रश्न कायमचा सुटतो.

पुढचं पान उलटण्याआधी एक काम करावं. आहे त्या माईकवर, आहे त्या खोलीत, पंखा नेहमीसारखा चालू ठेवून दहा सेकंद शांतता आणि मिनिटभर बोलणं रेकॉर्ड करावं आणि आजची तारीख घालून ठेवून द्यावं. पुढच्या प्रत्येक प्रकरणात ते लागणार आहे.